मालकंसात पंचम नको : चरणजित सिंगांची १९८२ ची तबकडी

चरणजित सिंग यांची १९८२ मध्ये ध्वनिमुद्रित झालेली ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही तबकडी आता जगभर ‘अ‍ॅसिड हाउसच्या आधीचं अ‍ॅसिड हाउस’ म्हणून ओळखली जाते. अ‍ॅसिड हाउस म्हणजे ऐंशीच्या दशकात शिकागोत घडलेलं, यंत्रांवरचं नाचाचं संगीत. शिकागोच्या फ्यूचर या गटाचं ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ १९८७ मध्ये आलं. ते टीबी-३०३ या बासच्या (खालच्या सुरांच्या साथीच्या) ज्या यंत्रावर घडलं, त्याच यंत्राच्या सोबतीनं सिंगांनी काही वर्षं आधीच भैरव वाजवून ठेवला होता. कौतुक रास्तच आहे, पण त्या गडबडीत रागाकडे कुणी बघत नाही. खरं तर ही तबकडी सगळ्यांत चांगली कळेल ती आपल्या जळगाव-धुळ्याकडच्या बँडमधल्या कॅसिओवाल्याला. चार माणसांचं काम एकट्यानं कसं ओढायचं, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही.

सिंग (१९४०–२०१५) हे मुंबईच्या फिल्मी स्टुडिओंमधले वादक. गिटार, बास, ट्रान्झिकॉर्ड (इलेक्ट्रॉनिक अ‍ॅकॉर्डियन), पुढे सिंथेसायझर. शंकर-जयकिशन, राहुलदेव बर्मन अशा संगीतकारांकडे त्यांनी वाजवलं. त्या काळी तबकडीच्या वेष्टनावर गायक, संगीतकार, गीतकार यांची नावं असत. वादकांची बहुधा नसत. इथे मात्र सगळं त्यांचंच. सिंगापूरहून आणलेला रोलंड ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, सोबत टीबी-३०३ आणि ठेका देणारं टीआर-८०८. सिनेमात डिस्को जोरात होता, तर तबला बंद ठेवून रागांखाली डिस्कोचा ठेका द्यावा, एवढीच त्यांची कल्पना. एचएमव्हीनं तबकडी काढली, पण चालली नाही. २००२ मध्ये एडो बाउमन या डच संग्राहकाला दिल्लीच्या एका दुकानात ती सापडली आणि २०१० मध्ये त्यानं पुन्हा प्रकाशित केली. त्यानंतर सत्तरी ओलांडलेले सिंग परदेशात हे दहा राग वाजवून आले.

ऐकताना आधी खालची दोन यंत्रं वेगळी काढा. ८०८ मध्ये सोळा घरं असतात. डिस्कोचा ‘धुम्’ पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि तेराव्या घरात. ३०३ एका वेळी एकच सूर वाजवतं. वाद्ययंत्रं एकमेकांना जोडणारी मिडी ही पद्धत १९८३ मध्ये आली, त्यामुळे ही यंत्रं पाच टाचण्यांच्या सिंक वायरनं जोडायची; एका मात्रेला चोवीस ठोके त्या वायरीतून जातात. लय मिनिटाला १२० मात्रा धरली तर एक घर एक अष्टमांश सेकंदाचं, आवर्तन दोन सेकंदांचं, आणि पाच मिनिटांत अशी दीडशे आवर्तनं. तबल्याच्या एकल वादनात पेटीवाला नगमा (तीच ती फिरणारी धून) धरून बसतो, तेच हे काम. फरक इतकाच की नगम्यावर इथे तबल्याऐवजी राग फुलतो. पाच मिनिटांत रागाची बढत (सावकाश विस्तार) होत नाही आणि ठेका फारसा बदलत नाही, हे उणं मला मान्य आहे. सलग दहाही ऐकू नका. भैरवापासून सुरू करा आणि दोन-तीन राग झाले की थांबा.

आता स्वतः वाजवायचं असेल तर पहिली चूक ठरलेली असते. डिस्कोची तयार बास म्हणजे सा, प, तार सा. कलावती, भूप, मेघमल्हार, बैरागी यांत ती खपते, कारण पंचम रागातच आहे. मालकंसात आणि ललितमध्ये पंचम वर्ज्य, तिथे पहिल्याच आवर्तनात राग मोडतो. कॅसिओची ऑटो कॉर्ड, म्हणजे आपोआप साथ देणारी सोय, लावली तर हेच चोरपावलांनी होतं. मालकंसासाठी ‘सा’वरचा मायनर कॉर्ड दाबला की सा, कोमल ग आणि प वाजतात. मध्यमावरचा मायनर घेतला तर म, कोमल ध, सा असे तिन्ही सूर रागातले मिळतात, पण यंत्राची बास मध्यमावर बसते आणि ऐकणाऱ्याला मध्यमच षड्ज वाटू लागतो. म्हणून कॉर्ड बंद करा, नुसता ऱ्हिदम ठेवा आणि डाव्या हातानं सा आणि म एवढंच वाजवा. तोडीत पंचम आहे, तरी तो बासमध्ये सारखा ठोकू नये.

३०३ ची नक्कल करणारी यंत्रं आता परवडतात. मूळ पद्धतीच्या यंत्रात सूर एकदा भरायचे आणि काळ वेगळा भरायचा. कलावतीचं एक आवर्तन घ्या : सा सा – सां प – सा ध नि – सा प – ग सा –. सां म्हणजे तार सा, नि कोमल, आणि ध-नि मंद्रातले, म्हणजे खालच्या सप्तकातले. घरं सोळा, त्यात पाच रिकामी, म्हणून सूर अकराच भरायचे. रिकाम्या घरासाठीही सूर भरला की तिथून पुढचं सगळं एकेक घर सरकतं, आणि मग माणूस यंत्राला दोष देत बसतो.

३०३ ची स्लाइड म्हणजे मींड, एका सुरावरून दुसऱ्यावर सावकाश घसरत जाणं, नव्हे. ती साधारण ६० मिलिसेकंदांत संपते, म्हणजे १२० च्या लयीत निम्म्या घरात. मींड वरच्या सुरावटीतच काढायची, पोर्टामेंटो (सूर जोडून घसरवणारी सोय) किंवा बेंडर (सूर वर-खाली ओढायचं चाक वा दांडी) वापरून. भैरवाचा कोमल रिषभ पट्टीवरच्या सुरापेक्षा जरा खाली आणि आंदोलित हवा. बऱ्याच कीबोर्डांत बेंडर दोन अर्धस्वरांवर लावलेला असतो. त्यावर बोट जरा जास्त गेलं की रे सरळ षड्जाकडे घसरतो. तो एका अर्धस्वरावर आणा. आंदोलन लगेच आटोक्यात येतं.

खानदेशातल्या कानबाई देवीच्या मिरवणुकीत गाडीवरच्या भोंग्यांतून हे वाजवायचं असेल तर बासचा विचार आधी करा. भोंगा साधारण ३०० हर्ट्झच्या खालचं फारसं देत नाही. काळी एकचा मंद्राच्याही खालचा सा ६९ हर्ट्झचा, तो तिथे हरवतो. एक सप्तक वर घ्या, १३९ होतो. आणि आवाज गोल न ठेवता करवती (सॉटूथ), म्हणजे धारदार, निवडा. त्याचे ४१६, ५५४ हे वरचे स्वरांश (मूळ सुराच्या पटीतले सूर) भोंग्यातून येतात आणि कान खालचा षड्ज आपोआप भरून घेतो.