मोती चौकातला खमंग वास

साताऱ्यात राजवाड्याकडून मोती चौकाकडे येताना भाजल्या जाणाऱ्या खव्याचा खमंग वास आधी नाकात शिरत असे आणि दुकान नंतर दिसत असे. कंदी पेढ्यात साखर बेताची आणि खवा तांबूस होईपर्यंत भाजलेला असतो, म्हणून तो चांगला टिकतो, हे मला कढईपुढे ताटकळत उभे राहूनच कळले. घरी मात्र पाहुणे आल्याखेरीज पुडा सुटत नसे.

आमच्या आळीच्या तोंडाशी किराणामालाचे दुकान होते. तिथले काका वर टांगलेल्या रिळाचा दोरा ओढून वर्तमानपत्राच्या पुड्या इतक्या चपळाईने बांधत, की ते पाहता पाहता मी आईने सांगितलेले सामान हमखास विसरत असे. मग तेच विचारत, "पोरा, गूळ सांगितलाय का चहापूड?" उधारीची लाल वही मात्र ते कोणालाही दाखवत नसत, आणि ते योग्यच होते. खण आळीतल्या खरेदीत आई तासभर रमे, तेव्हा मी अजिंक्यताऱ्यावर उतरणारे ढग पाहत बसे.

आता किराणामालाच्या जागी मोबाइलचे दुकान आहे. फळ्यांची दारे जाऊन शटर आले. उंबऱ्याचा झिजलेला दगड तेवढा अजून तसाच आहे.