भिंत आठ वर्षं उशिरा जन्मली

ओहायोतल्या आमच्या मागच्या गल्लीचा चढ एका दगडी भिंतीने तोलून धरलाय. कोपऱ्यातल्या दगडावर 'डब्ल्यूपीए १९३८' कोरलंय. महामंदीत बेकारांच्या हाताला काम म्हणून १९३५ साली निघालेली ही सरकारी योजना १९४३ला संपली. आईला सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे आपल्या बहात्तरच्या दुष्काळातली कामंच की!" अगदी तशीच.

भिंतीला पोट आलं आणि ती पाडून काँक्रीटचे ब्लॉक लावायचं ठरलं. आमचा भाग वारसा क्षेत्रात, म्हणून हरकतीचा अर्ज टाकला.

तिथून सात महिने एका आकड्यावर अडकलो. क्षेत्र जाहीर करताना महत्त्वाचा काळ १९३० पर्यंतच धरलेला. घरं त्याआधीची, म्हणून यादीत. भिंत नंतरची, म्हणून बाहेर. ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय नोंदीला साधारण पन्नास वर्षं पुरतात, हिने ऐंशी कधीच ओलांडली. खिडकीतल्या बाई शांतपणे म्हणाल्या, "जुनी आहे हो, पण आमच्या हिशेबात नाही." मी आवाज चढवला. उपयोग शून्य. पुढच्या फेरीत कळलं, पाहणीच्या फॉर्मवर भिंतीला रकानाच नव्हता. त्यापुढच्या फेरीत, "ही डब्ल्यूपीएचीच कशावरून?" अहो, कोरलंय ना! "तो दगड नंतर बसवला असेल." घरी येऊन मी चहाही न घेता बसून राहिलो.

शेवटी वाचनालयात जुन्या नगर परिषदेच्या इतिवृत्तात याच गल्लीच्या भिंतीचा ठराव सापडला. (हे पहिल्याच आठवड्यात करा. आणि पाहणीचा मूळ फॉर्म अर्जाआधीच मागून घ्या.) सुनावणीत भिंतीच्या सौंदर्यावरची माझी दोन पानं कुणी वाचलीही नाहीत. विचारलं ते एवढंच: दगड मूळचे किती, जागेवर आहेत का, छिन्नीचे घाव दिसतात का? ते फोटो होते, म्हणून वाचलो. काळाची मर्यादा वाढली, भिंत यादीत आली.

पोट का आलं, ते मात्र गवंड्याने पाच मिनिटांत सांगितलं. पाणी जायची भोकं मातीने बुजलेली, त्यामुळे मागून पाण्याचा दाब. शिवाय कुणीतरी दरजांत कडक सिमेंट भरलेलं. ओल आत कोंडते, थंडीत गोठते आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. दरजा चुन्यानेच भरून घ्या, कोणी कितीही 'सिमेंट मजबूत' म्हणो.

फुगलेला भाग उतरवून, दगडांवर खडूने नंबर घालून ठेवलेत. चुना गोठणाऱ्या थंडीत चालत नाही, त्यामुळे ते एप्रिलपर्यंत ताडपत्रीखाली.