दोन मिलिमीटर कुठले?

परदेशातल्या गिऱ्हाइकाने मागवलेला माल जहाजावर चढण्याआधी कारखान्यात जाऊन तपासायचा आणि पास की नापास ते लिहून द्यायचं, हे माझं काम. समया, बागेतल्या खुर्च्या, घोड्यांचे लगाम, जे असेल ते. मूळची मी साताऱ्याची, ऑफिस दिल्लीत, आणि फिरती सगळी उत्तरेकडे. मेरठ, रुरकी, देहरादून या पट्ट्यात युरोपातल्या मध्ययुगीन तलवारी, चिलखतं आणि शिरस्त्राणं बनवणारे कारखाने आहेत, हे आपल्याकडे सांगितलं तर लोकांना थट्टा वाटते. पण तिकडे जुन्या लढायांचे प्रयोग करणारे हौशी लोक आणि संग्राहक जे डोक्यावर घालतात किंवा कपाटात मांडतात, त्यातलं बरंचसं इथल्या भट्ट्यांतून गेलेलं असतं.

रुरकीजवळच्या ज्या कारखान्याची ही गोष्ट, तिथे 200 हेल्मेटांचा लॉट तयार होता. नमुना येर्मुंडबूचा. 1943 साली नॉर्वेतल्या रिंगेरिके भागात त्या नावाच्या शेतावर एक दहाव्या शतकातलं दफन सापडलं, त्यात या शिरस्त्राणाचे गंजलेले तुकडे होते. ते जोडून आज ओस्लोच्या संग्रहालयात ठेवलंय. गोल घुमट, वर टोक, आणि डोळ्यांभोवती चष्म्यासारखी लोखंडी चौकट. वायकिंग, म्हणजे उत्तर युरोपातले जुने दर्यावर्दी लढवय्ये; त्यांच्या काळातली शिरस्त्राणं मुळात सापडलीच आहेत मोजकी. इंग्लंडमध्ये यार्मला 1950च्या दशकात एक निघालं, पण ते त्या काळातलं असल्याचं ठरायला 2020 उजाडलं. त्यामुळे जगभर जो तो येर्मुंडबूचीच नक्कल मागतो. (शिंगांचे टोपही त्या कारखान्यात फळीभर होते. वायकिंगांच्या डोक्यावर ती शिंगं 1876 मध्ये जर्मन संगीतकार वॅग्नरच्या ऑपेरासाठी कपडे आखणाऱ्या डोप्लर नावाच्या माणसाने लोकप्रिय केली. शेठ म्हणाले, सबसे ज़्यादा यही बिकता है. मी काय बोलणार?)

हा लॉट मात्र शोभेचा नव्हता. पोलंडमधल्या एका व्यापाऱ्याचा होता. पूर्व युरोपात या प्रयोगांतली लढाई जरा वेगळी असते. पश्चिमेकडे बहुतेक ठिकाणी डोक्यावर वार करायचा नाही असा नियम, तर तिकडे डोकंही चालतं. बाल्टिकच्या काठी वोलिनला दर उन्हाळ्यात मोठा मेळा भरतो, तिथे शेकडो माणसं बोथट तलवारी आणि भाले घेऊन खरोखर भिडतात. तलवार बोथट असली तरी किलोभर लोखंड असतं ते. म्हणून ऑर्डरमध्ये स्पष्ट लिहिलं होतं: जाडी 2 मिलिमीटर. गेजमध्ये, म्हणजे पत्र्याच्या जाडीच्या नंबरात, लिहिलं नव्हतं ते बरं केलं. 16 गेज म्हटलं की ब्रिटिश तक्त्यात 1.63 होतो आणि अमेरिकन तक्त्यात साधारण 1.52, आणि मग गोदामात उभं राहून भांडणं.

नियमाप्रमाणे 200 मधून 32 नग उचलले. रिव्हेट आतून सपाट ठोकलेले, कडा गोल केलेल्या, कुठे बोट कापेल अशी धार नाही. चामड्याचं अस्तर पक्कं, हनुवटीचा पट्टा ओढला तरी जागचा हलत नव्हता. मनातल्या मनात पास करून झालं होतं म्हणा ना. जाडी कडेला मोजली, 2.1. दुसरा नग, 2.05. मग अल्ट्रासोनिक गेज काढलं. अस्तर न उसवता बाहेरूनच जाडी सांगणारं यंत्र आहे ते. टाळूजवळ, घुमटावर बसवलेल्या दोन पट्ट्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत जेलचा थेंब टाकला आणि प्रोब टेकवला. आकडा थोडा थरथरला आणि स्थिर झाला: 1.42.

प्रोब पुसला, सोबतच्या ठोकळ्यावर यंत्र ताडून पाहिलं. बरोबर होतं. पुढचा नग 1.38, त्यापुढचा 1.45. शेठना बोलावलं. ते आले ते पत्र्याचं बिल घेऊनच. "देखिए मॅडम, दो एमएम की चादर है, मिल का सर्टिफिकेट भी है." बिल खोटं नव्हतं. मी जी कड मोजली होती तीच त्याची साक्ष देत होती.

झालं होतं असं. घुमट एकाच तुकड्यातून हायड्रॉलिक प्रेसवर ओढलेला होता. सपाट पत्रा वाटीत दाबला की कडेचा भाग आत सरकताना आवळतो आणि जाड होतो, पण तळाचा भाग, म्हणजे टोपाची टाळू, नुसता ताणला जातो. मोदकाच्या पारीचं बरोबर उलटं: तिथे कडा पातळ आणि मध्ये जाड लागते, इथे जिथे जाडी हवी तिथलाच पत्रा गेलेला. आणि उभ्या माणसाच्या डोक्यावर वरून येणारी तलवार कानाजवळच्या कडेवर पडत नाही.

शेठ हुशार माणूस. म्हणाले, टाळूवरून तर दोन पट्ट्या जातात, दीड मिलिमीटरच्या, ते धरून जवळजवळ तीन होतात. मी म्हटलं, पट्टी तीन सेंटिमीटर रुंद, तिच्या दोन्ही बाजूंना काय? मग त्यांनी यंत्रावर शंका घेतली. या धंद्यात हे नेहमीचं. आकडा आवडला नाही की यंत्र बिघडलेलं असतं. मी म्हटलं, एक नग कापा. 200 मधला एक जाईल, वाद तरी मिटेल.

ग्राइंडरने हेल्मेट कपाळापासून मानेपर्यंत उभं चिरलं. ठिणग्यांचा फवारा, जळक्या चामड्याचा वास. दोन अर्ध्या वाट्या टेबलावर आल्या आणि व्हर्नियर लावायची गरजच उरली नाही. कापलेली कड चमकत होती, खाली जाड, वर चढत जाईल तशी निमुळती, आणि टाळूपाशी डोळ्यांना दिसेल इतकी बारीक. व्हर्नियरने तिथे 1.4 दाखवलं. शेठ गप्प झाले, पण कापलेल्या नगाचे पैसे कोण देणार हे विचारायला विसरले नाहीत.

तेवढ्यात बफिंगच्या खोलीतून उस्ताद आले. सगळे त्यांना उस्तादच म्हणतात. साठीच्या पुढचे, एका कानाने कमी ऐकणारे. अर्धी वाटी हातात घेऊन त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "यह तो होना ही था." मग माझ्या फायलीतली रेखाटनं मागितली. व्यापाऱ्याने मूळ शिरस्त्राणाची आतली-बाहेरची रेखाटनं पाठवली होती, पण प्रेसवाल्यांना ती कुणी दाखवलीच नव्हती. त्यांना फक्त समोरून काढलेला फोटो मिळाला होता.

मूळ शिरस्त्राणाचा घुमट एकसंध नाहीच. चार तुकडे आहेत, साधारण त्रिकोणी. दोन तुकड्यांच्या फटीखाली आतून एक सपाट पट्टी, फटीवर बाहेरून एक जराशी उंचवटलेली पट्टी, आणि दोन्ही पट्ट्या रिव्हेटने आवळलेल्या. खाली सगळ्यांना धरणारा रुंद पट्टा. फोटोत नक्षी वाटणारी ती पट्टी खरं तर सांधा आहे. आमच्या नगांवर तीच पट्टी अखंड घुमटावर दागिन्यासारखी बसवलेली होती.

उस्तादांनी काही न बोलता 2 मिलिमीटरचा पत्रा ओढला, खडूने चार पाकळ्या आखल्या आणि कापायला लागले. लाकडी ओंडक्यातल्या खोबणीत एकेक पाकळी ठेवून ठोकली. पाकळीला फार खोली द्यावी लागत नाही, नुसता बाक द्यायचा, म्हणून पत्रा ताणलाही फारसा जात नाही. संध्याकाळपर्यंत सांगाडा उभा राहिला. टाळूजवळ मोजलं, 1.85. सर्वांत खोल जागी 1.8.

दहाव्या शतकातल्या लोहाराने जाडी टिकवायची म्हणूनच चार तुकडे केले, असा दावा मी करणार नाही. त्याच्याकडे मोठा सलग पत्राच नसेल हे जास्त शक्य आहे. एका तुकड्यातलं शिरस्त्राणही त्या काळी घडवत होतेच, प्रागला जपलेलं संत वेन्सेस्लासचं आहेच की. एका तुकड्यातून करायचं तर वाटीत दाबण्याऐवजी बाहेरून ठोकत कड आत आत घेत जावी लागते, म्हणजे टाळू शाबूत राहतो. पुण्याच्या तांबट आळीत हंड्याचा गळा आवळताना बघितलंय मी ते. पण त्याला दिवस लागतात, आणि 200 नगांना तेवढे दिवस कोण देणार?

रिपोर्टमध्ये मी लिहिलं: लढाईसाठी नापास, शोभेसाठी पास. रात्री व्यापाऱ्याशी फोनवर बरीच घासाघीस झाली. हा लॉट कमी भावाने संग्राहकांसाठी जाईल, लढाईचे नग चार पाकळ्यांचे नव्याने होतील, आणि करारात "2 मिलिमीटर पत्रा"ऐवजी "तयार टोपावर कुठेही मोजली तरी किमान 1.8" असं लिहिलं जाईल, यावर तिघांचं एकमत झालं. प्रत्येक नगाला वाढलेल्या रिव्हेटांची मजुरी उस्तादांनी तिथेच मागून घेतली.

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसले. शोभेच्या नगांवर नुसता स्टिकर चालणार नाही. स्टिकर निघतो, टोप चार वर्षांनी जुन्या बाजारात विकला जातो, आणि कुणीतरी पोरगा स्वस्तात मिळाला म्हणून तो घालून वोलिनच्या मैदानात उतरतो. आतल्या बाजूला पंचने ठोकून लिहा, लढाईसाठी नाही. शेठनी कपाळाला हात लावला. "अंदर कौन देखता है, मॅडम?" मग स्वतःच हसले आणि पंचची मजुरी नगाला वीस रुपये लावून व्यापाऱ्याच्या बिलात घातली.