परतफेडीचा स्रोत: वाद्यवृंद संचालन

शैक्षणिक कर्जाच्या प्रस्तावात एक रकाना असतो: परतफेडीचा स्रोत. इंजिनिअरिंग, नर्सिंग, फार्मसी, एमबीए, या सगळ्यांची वाक्यं ठरलेली आहेत. जुन्या प्रस्तावातून उचलायची, नाव बदलायचं, पुढे जायचं. गेल्या मे महिन्यात मी त्या रकान्यापाशी अडले. प्रकरण केव्हाच मार्गी लागलं, पण डोक्यातून गेलेलं नाही, म्हणून लिहिते आहे.

मी जळगावात एका सरकारी बँकेत कर्ज विभागात आहे. आमचे बहुतेक खातेदार रावेर-यावलकडचे केळीवाले. पीककर्ज, ठिबक, ट्रॅक्टर हा रोजचा धंदा. त्यांची मुलं आता पुण्यावर थांबत नाहीत, थेट जर्मनीची प्रवेशपत्रं घेऊन येतात. हा मुलगाही तसाच आला, वडिलांबरोबर. प्रवेशपत्र जर्मनीतल्या एका सरकारी संगीत विद्यापीठाचं होतं आणि विषय होता ऑर्केस्ट्रा आणि ऑपेराचं संचालन. कंडक्टिंग.

पाश्चात्त्य संगीताशी माझा संबंध शून्य. मुलाचा संबंध भुसावळमुळे आला. रेल्वेचं गाव, जुनी चर्च, तिथला पियानो. वडील दर रविवारी मोटारसायकलवर त्याला तिकडे सोडायचे आणि स्टेशनबाहेर चहा पीत थांबायचे. पुढे मुंबई, मग चेन्नई. जर्मनीतल्या प्रवेशपरीक्षेत दोन पियानोवादक ऑर्केस्ट्राच्या जागी बसवतात आणि उमेदवाराने त्यांना चालवायचं असतं. शिवाय स्वतः पियानो वाजवायचा, एकदम दाबलेले चार-पाच स्वर ऐकून ओळखायचे, समोर ठेवलेली अनोळखी स्वरलिपी वाचून दाखवायची. हे सगळं तो पार करून आला होता.

बँकेत मात्र पहिल्याच पायरीवर घोडं अडलं. जर्मनीतल्या बहुतेक राज्यांत सरकारी विद्यापीठांना शिकवणी फी नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य 2017 पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सहामाहीला 1,500 युरो घेतं, पण याचं राज्य ते नव्हतं. आमच्या प्रणालीत फीच्या जागी शून्य टाकलं की स्क्रीन पुढे सरकत नाही. फी घेत नाही ती संस्था खोटी, असं कोणीतरी मुंबईत बसून गृहीत धरलेलं आहे. खरा खर्च राहण्याचा होता. व्हिसासाठी जर्मनीत ब्लॉक्ड अकाउंट उघडून वर्षाचे 11,904 युरो आधीच भरावे लागतात, म्हणजे बारा लाखांच्या आसपास. त्यातून महिन्याला 992 युरो सुटतात. हा आकडा जर्मन सरकारने ठरवलेला आहे, मुलाच्या हातात त्यातलं काही नाही. हे क्षेत्रीय कार्यालयाला पटवण्यात माझी बरीच शक्ती गेली.

दुसरी गाठ तारणाची. साडेसात लाखांच्या वर तारण लागतं. वडिलांच्या नावावर केळीची बागायत आहे, बाजारभावाने कर्जाच्या कितीतरी पट. पण 2002 च्या सरफेसी कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे, थकबाकी झाली तर बँक त्या मार्गाने ती विकू शकत नाही. म्हणून बँकेच्या लेखी त्या सातबाऱ्याला किंमत नाही. राहतं घर गावठाणात, हातात फक्त ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा. शेवटी मुलाची आत्या पुढे आली. तिचा जळगावात फ्लॅट आहे. कागद वकिलाकडे देताना तिने फक्त किती वर्षांसाठी ते विचारलं आणि सही केली. असे नातेवाईक नसतील त्या मुलांनी काय करावं, याचं उत्तर आमच्या परिपत्रकांत नाही.

ज्या दिवसामुळे हे लिहावंसं वाटलं, त्या दिवशी दुपारी शाखेची लिंक गेली होती. लोक बाकांवर बसून होते, पंखे गरम हवा फिरवत होते. मी त्याला विचारलं, "तू नेमकं काय करणार ते मला समजेल असं सांग. मला ते लिहायचं आहे." त्याने पिशवीतून एक जाडजूड वही काढून टेबलावर उघडली. बीथोव्हेनची पाचवी सिम्फनी. पानाच्या वरच्या टोकाला बासऱ्या, खाली ओबो, क्लॅरिनेट, बॅसून, मग हॉर्न, ट्रम्पेट, नगाऱ्यासारखे टिंपनी, आणि तळाशी व्हायोलिनपासून डबल बासपर्यंत तारवाद्यं. वादकासमोर त्याची एकट्याची ओळ असते, ती तो आडवी वाचतो. कंडक्टरला पान उभं वाचावं लागतं, आणि तेही वेगात. त्यातून क्लॅरिनेट आणि हॉर्नसाठी लिहिलेला स्वर एक आणि वाजणारा दुसरा, ते मनातल्या मनात बदलत जायचं.

मग त्याने पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. सुरुवातीला एक छोटी खूण होती. "मॅडम, इथे विश्रांती आहे. सिम्फनी सुरू होते तेव्हा कोणीच वाजवत नाही. रिकाम्या जागेवर हात पडतो आणि त्याच्या लगेच पुढे तारवाद्यं आणि क्लॅरिनेट एकदम येतात." त्याने माझं बॉलपेन उचललं, मनगट किंचित वर नेलं आणि खाली आणलं. बस, एवढंच. "हात वर जातो तेवढ्यात त्यांना लय, जोर, श्वास, सगळं कळायला हवं. नाही कळलं तर साठ माणसं साठ ठिकाणी पडतात." त्याने तीन-चारदा करून दाखवलं, दर वेळी वेगळ्या गतीने, आणि मला, जिला यातलं ओ की ठो कळत नाही, दर वेळी पुढचा ठोका कुठे येणार ते कळलं. बाकांवरचे लोकही बघायला लागले होते. वडील म्हणाले, "माले त्यातलं काही कयत नही, मॅडम. पन मुंबईले पाह्यलं मी. यानं हात वर केला का सारे गप होतात."

मुलाने अर्जासोबत स्वतःचं टिपण जोडलं होतं. त्यात दोन नावं ठळक. पहिलं झुबिन मेहता: 1936 साली मुंबईत जन्म, 1954 साली व्हिएन्नाला, हान्स स्वारोव्स्कींकडे शिक्षण, 1962 पर्यंत मॉन्ट्रियल आणि लॉस एंजेलिस हे दोन्ही ऑर्केस्ट्रा हाती, 1965 साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात 'आयडा'. दुसरं क्लाउस मॅकेला: 1996 सालचा, हेलसिंकीचा, योर्मा पानुलांचा विद्यार्थी. 2020 पासून ऑस्लोचा ऑर्केस्ट्रा, 2021 पासून पॅरिसचा, आणि 2027 पासून अ‍ॅमस्टरडॅमचा कॉन्सर्टखेबाउ आणि शिकागो, दोन्ही एकदम.

हे वाचून क्षेत्रीय कार्यालयातले साहेब फोनवर म्हणाले, "हा छंद झाला, व्यवसाय नाही. आणि ही उदाहरणं लाखात एकाची." छंद हा शब्द मला लागला. लाखात एक हे मात्र खरं होतं. अपवादाच्या भरवशावर कर्ज मंजूर होत नाही, होऊही नये. म्हणून मी रात्री घरी बसून शोधत गेले, की ज्यांचं मॅकेलासारखं होत नाही ते सगळे काय करतात.

जर्मनीत सरकारी पैशावर चालणारे सुमारे 130 ऑर्केस्ट्रा आणि 80 च्या आसपास ऑपेराघरं आहेत, त्यातली कितीतरी लहान गावांत. तिथे कंडक्टरची शिडी असते. खालच्या पायरीवर रेपेटिटर. तो गायकांना पियानोवर तालीम देतो, अख्ख्या ऑर्केस्ट्राचं काम दोन हातांनी करतो, गैरहजर गायकाची ओळ स्वतः गातो, पडद्यामागच्या वादकांना आणि कोरसला इशारे देतो. मग एखाद्या संध्याकाळी वरचा माणूस आजारी पडतो आणि एकही तालीम न घेता याला ऑर्केस्ट्रासमोर उभं राहावं लागतं. तिथून कापेलमायस्टर, म्हणजे थिएटरचा कंडक्टर, आणि सगळ्यात वर जनरल म्युझिकडायरेक्टर. रेपेटिटरला करारानुसार ठरलेला पगार मिळतो, 2023 पासून किमान महिना 2,700 युरोंच्या पुढे. म्हणजे पगारपत्रक आहे, विमा आहे. बँकेला आणखी काय हवं?

ही वाट मोठ्यांचीही आहे. नावाजलेले कंडक्टर कारायान 1929 साली उल्मच्या छोट्या थिएटरात लागले आणि 1935 साली आखेनचे जनरल म्युझिकडायरेक्टर झाले. किरिल पेट्रेंको 1999 साली मायनिंगेनला गेले. पंचवीसेक हजार वस्तीचं गाव, आमच्या अमळनेरपेक्षा कितीतरी लहान. तिथे 2001 साली त्यांनी वॅग्नरचे 'रिंग'चे चारही ऑपेरा लागोपाठ चार संध्याकाळी केले. आज ते बर्लिन फिलहार्मोनिकचे प्रमुख आहेत. मी परतफेडीच्या रकान्यात रेपेटिटरची नोकरी लिहिली, पगाराचा हिशेब मांडला, मेहता आणि मॅकेला काढून टाकले.

मसुदा मुलाला दाखवला. त्याचा चेहरा पडला. "मॅडम, मी गायकांच्या तालमीला पियानो वाजवायला चाललो नाहीये." वडील गप्प. मी म्हटलं, बँकेला एवढंच कळतं आणि एवढ्यावरच पैसे सुटतील. तो काही न बोलता गेला. दुसऱ्या दिवशी मसुद्याला जोडायला ऑपेरांतल्या प्रसंगांची एक यादी आणली: 'फिगारो'चे अंकाच्या शेवटचे समूहप्रसंग, 'कारमेन'मधलं पंचक, 'ला बोएम'चा दुसरा अंक. रेपेटिटरच्या निवडीला असलंच वाजवून घेतात, आणि हे त्याला आज वाजवता येतं. यादीच्या खाली मात्र मेहता आणि मॅकेला पुन्हा लिहिलेले होते. ते मी तसेच राहू दिले.

कर्ज मंजूर झालं, मागितल्यापेक्षा थोडं कमी. फीच्या जागी शेवटी विद्यापीठाची सहामाही वर्गणी टाकली, तेव्हा स्क्रीन सरकली.

मला अजून टोचतं ते हप्त्यांचं गणित. अभ्यासक्रम संपल्यावर आम्ही वर्षभराची सवलत देतो. हेच मेहतांना लावून बघितलं. 1954 अधिक चार अधिक एक, म्हणजे 1959 साली हप्ते सुरू. त्याच्या आदल्या वर्षी लिव्हरपूलची स्पर्धा जिंकून ते तिथे सहायक झाले होते, पण मॉन्ट्रियलचं पद 1961 चं. मधली दोन वर्षं आमच्या वसुली विभागाने त्यांना नोटिसा पाठवल्या असत्या. ज्या व्यवसायात माणूस तयार व्हायलाच तिशी उजाडते, त्याला कॉम्प्युटरवाल्यांचं वेळापत्रक लावणं चूक आहे, हे मी वर लेखी कळवलं. उत्तर आलं नाही. चढत्या हप्त्यांची सोय नियमात आहे, ती मात्र भांडून घेतली: सुरुवातीचे हप्ते लहान, पुढे मोठे.

येत्या बदल्यांत माझं नाव असेल. हप्ते सुरू होतील तेव्हा या टेबलावर दुसरं कोणी असणार, म्हणून फाइलच्या पहिल्या पानावर टाचणीने टीप लावली आहे: 'कर्जदाराचा पहिला करार बहुधा एका हंगामाचा असेल. त्यास अस्थिर उत्पन्न समजू नये. तिकडच्या थिएटरांत नूतनीकरण नसल्याचे 31 ऑक्टोबरपर्यंत कळवले नाही, तर करार पुढील हंगामासाठी आपोआप चालू राहतो. नोटीस काढण्यापूर्वी कर्जदाराशी फोनवर बोलावे. संध्याकाळी फोन करू नये, त्या वेळी प्रयोग असतो.'