फ्यूज काढला तरी वाजणारा सूर

गाडी मुलाच्या नावावर होती, पण खरं गिऱ्हाईक शेजारच्या सीटवर बसलं होतं. हे मला कळलं तिसऱ्या दिवशी.

सांगलीत माझं कार ऑडिओचं दुकान आहे, सोळा वर्षं झाली. आलेले बापलेक मिरजेचे, घरात तंतुवाद्यं बनवण्याचा धंदा. गाडी इलेक्ट्रिक एसयूव्ही, चार महिन्यांची. मुलाला बेस हवा होता. वडील, ज्यांना मी पहिल्या चहापासून चाचा म्हणायला लागलो, एवढंच म्हणाले, ‘‘तानपुरा तानपुऱ्यासारखा ऐकू आला पाहिजे. कंपनीच्या स्पीकरात तो मिक्सरसारखा येतो.’’

मुलाचा पहिला प्रश्न सगळेच विचारतात तोच: अँप (आवाज वाढवणारा ॲम्प्लिफायर) लावलं तर रेंज कमी होईल का? अहो, नेहमीच्या आवाजात अँप सरासरी चाळीस-पन्नास वॅट खातं आणि गाडी एका किलोमीटरला सव्वाशे-दीडशे वॅट-तास. तासभर गाणी ऐकली तर अर्धा किलोमीटरसुद्धा जात नाही. एसी त्याच्या कितीतरी पट खातो, त्याबद्दल कुणी विचारत नाही. काळजी करायची ती बॉनेटखालच्या छोट्या १२ व्होल्टच्या बॅटरीची. इलेक्ट्रिक गाडीत अल्टरनेटर नसतो; मोठ्या बॅटरीतून कन्व्हर्टर हिला चार्ज करतो, तोही गाडी जागी असताना किंवा चार्जिंगला लावलेली असताना. गाडी झोपल्यावर अँप जागं राहिलं की ही बॅटरी बसते, आणि ही बसली की खाली मोठी बॅटरी शंभर टक्के भरलेली असूनही दार उघडायची पंचाईत. दुसरीकडे फिटिंग केलेल्या अशा दोन गाड्या माझ्याकडे ढकलत आल्यात. अँपला चालू-बंद करणारी रिमोटची वायर जिथे करंट दिसला तिथे टेप गुंडाळून जोडलेली. म्हणून मी मल्टिमीटर लावून, गाडी लॉक करून, अँप खरंच झोपतं का ते अर्धा तास बघतो. पोरं हसतात. हसू देत.

मूळ वायर कापायची नाही, कपलरला कपलर. शोरूमवाले वॉरंटीची भीती घालायला टपलेलेच असतात, आणि वायर कापलेली दिसली तर त्यांचं चुकत नाही. मोठ्या बॅटरीच्या, जास्त व्होल्टच्या नारिंगी केबलच्या वाटेला तर जायचंच नाही.

माझा जीव रमतो तो दारांत. चांगला स्पीकर पत्र्याच्या दारात तसाच बसवणं म्हणजे तुटक्या भोपळ्यावर तारा चढवणं. (हे वाक्य चाचांसमोर बोललो आणि खूश झालो.) डोअर पॅड काढायचा, आतला पत्रा थिनरने पुसायचा, पत्र्याची थरथर मारणारी दोन मिलिमीटरची चिकट बुटाईल शीट लावून रोलर फिरवायचा; यालाच डॅम्पिंग म्हणतात. शीटवरची नक्षी सपाट होईपर्यंत दाबायचं, नाहीतर मे महिन्यात सुटते. आतल्या पत्र्याची मोठी भोकं बंद करायची, म्हणजे स्पीकरच्या मागची हवा पुढे येऊन बेस खात नाही. चारी दारं झाली. मुलगा म्हणाला, मागची चाकांची कमान आणि डिकीपण करा. केली. दीड दिवस गेला.

ट्यूनिंगला मी प्रोसेसरमध्ये ड्रायव्हरच्या कानाला वेळ जुळवतो. आवाज एका मिलिसेकंदात चौतीस सेंटिमीटर जातो, म्हणून जवळच्या उजव्या स्पीकरला थोडं थांबवायचं. चाचा डावीकडे बसले आणि म्हणाले, ‘‘गाणारा दाराबाहेर उभा आहे.’’ बरोबर होतं. डाव्या सीटसाठी वेगळं सेटिंग केलं. मग खर्जाची तार. मी साठ हर्ट्झच्या आसपास चढवलं होतं, मुलासाठी. चाचांनी ते उतरवायला लावलं, कारण जवारीचा, म्हणजे घोडीवरून तारेला येणारा, झंकार वरच्या सुरांत असतो आणि खालचा फुगा त्याला गिळतो. उतरवल्यावर तानपुरा उघडला. सोळा वर्षांत मी असा आवाज लावला नव्हता, हे कबूल करतो.

तिसऱ्या दिवशी बापलेक परत दारात.

‘‘कुणीतरी तिसरा सूर लावतंय,’’ चाचा म्हणाले. ‘‘गाडी पळाली की चढतो, सोडली की उतरतो. साठावर स्थिर ठेवली की माझ्या सा आणि कोमल रे यांच्या मध्ये येऊन बसतो.’’

वेगाबरोबर चढणारी शिट्टी म्हणजे माझ्या धंद्यात एकच आजार: अर्थिंग. पेट्रोल गाड्यांत अल्टरनेटरची शिट्टी अशीच यायची. मी न ऐकताच निदान केलं. अर्थचा पॉइंट घासून पुन्हा कसला, सिग्नलची वायर दुसऱ्या बाजूने नेली, गेन उतरवला. दिवस गेला. चाचा प्रत्येक चक्करनंतर मान हलवायचे. मला तर नीट ऐकूही येत नव्हतं; मोबाईलवरच्या, आवाजातले सूर आलेखात दाखवणाऱ्या ॲपमध्ये मात्र एक काटा वेगाबरोबर सरकताना दिसायचा.

संध्याकाळी वैतागून अँपचा फ्यूज काढला आणि कंपनीचं म्युझिकही बंद केलं. मिरज रोडला गाडी काढली. काटा तिथेच.

सूर स्पीकरमधून येतच नव्हता. मोटर आणि गिअरचा होता. आधीपासून असणारच, टायरच्या घरघरीखाली झाकलेला होता. मागच्या कमानीला शीट लावून मी घरघर काढली आणि त्याला उघडं पाडलं. फ्यूज काढायची पाच मिनिटांची तपासणी सगळ्यात आधी करायची असते, हे मी पोरांना शिकवतो.

चाचांना सांगितलं. ते जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, ‘‘मागचं काढा. टायर थोडा वाजू दे.’’

लावलेलं डॅम्पिंग काढा म्हणणारं गिऱ्हाईक मी पाहिलं नव्हतं. पुढे बॉनेटकडच्या पत्र्यावर जाड थर लावून बघू, म्हटलं. नको म्हणाले, अजून काहीतरी उघडं पडेल. हीट गन आणि पट्टी घेऊन कमानीवरच्या शीट खरवडल्या. बुटाईल नखांत आठवडाभर राहतं. दारांना हात लावला नाही. परत चक्कर मारली. चाचांनी डोळे मिटले. ‘‘आहे. पण आता पुढे येत नाही.’’ मुलगा मागे बसून हिशेब करत होता, शीटचे पैसे दिलेत ते कचऱ्यात गेले म्हणून. मी कमानीचे पैसे परत केले. त्याला ते पटलं. मला अजून कळत नाही, ते काम चुकलं होतं की नव्हतं.

परवा तशीच गाडी आली, फुल डॅम्पिंगसाठी. आधी मी म्युझिक बंद करून ती एकटाच मिरजेपर्यंत नेऊन आणली. आता मला तो सूर ऐकू येतो.

‘‘चालवताना कसला आवाज वगैरे येतो का?’’ मालकाला विचारलं.

‘‘कसला?’’

‘‘काही नाही,’’ म्हटलं, आणि शीट कापायला घेतली.