हँडलबार बदलण्याआधी ग्रिप दाखवा

"कार्बनचा बार घातला तरी बोटं बधिर होतात. याहून भारी कुठला येतो तेवढं सांगा, ताई." माउंटन बाइक स्टँडला टेकवायच्या आतच काकांनी मागणी मांडली. माझं काम बाइक फिटिंगचं, म्हणजे सायकल माणसाच्या अंगाला बसवून द्यायचं. येणारा प्रत्येक जण एखाद्या वस्तूचं नाव घेऊनच येतो. काका मात्र लक्षात राहिले, कारण त्यांचा पेशा घड्याळं दुरुस्त करण्याचा होता आणि त्यांनी केलेल्या उपायांची यादी त्यांच्या खिशात तयार होती.

जेलचे हातमोजे: फरक नाही. जाड ग्रिप: आणखी वाईट. कार्बन हँडलबार, 800 मिलिमीटर रुंद, 35 मिलिमीटर क्लॅम्पचा, म्हणजे मध्यभागी जिथे तो आवळून धरतात तिथे तेवढा जाड: फरक नाही. कागद एवढाच, पण त्यातलं "आणखी वाईट" वाचून मला बरं वाटलं. काहीही केलं तरी काहीच बदलत नाही अशी तक्रार सोडवणं अवघड असतं. ज्याने त्रास वाढला, तिथून धागा हाती लागतो.

कुठली बोटं, हा माझा पहिला प्रश्न. करंगळी पूर्ण आणि अनामिकेची तिच्याकडची अर्धी बाजू. उजवा हात जास्त, डावा कमी. हे उत्तर आलं की निम्मं काम झालेलं असतं. अंगठा, तर्जनी, मधलं बोट असं सांगितलं असतं तर मनगटाच्या मध्यातून जाणाऱ्या मीडियन नर्व्हचा संशय घ्यावा लागला असता. करंगळी आणि अर्धी अनामिका हा अल्नर नर्व्हचा इलाका. ही नस तळव्यात शिरते ती करंगळीच्या मुळाखाली, मनगटालगतच्या मांसल उंचवट्यापाशी. तिथे दोन लहान हाडांच्या मधून तिला वाट काढावी लागते. या वाटेला गियॉन्स कॅनल म्हणतात. वर संरक्षण फारसं नाही आणि नेमका तोच भाग आपण ग्रिपवर टेकवून बसतो. सायकलवाल्यांमध्ये हे दुखणं इतकं जुनं आहे की वैद्यकात त्याला हँडलबार पाल्सी असंच नाव पडलंय.

"स्क्रू मी अंगठा आणि तर्जनीनेच धरतो," काका म्हणाले, "पण करंगळी टेबलावर टेकलेली असते. हात स्थिर राहतो तो तिच्यामुळे. रविवारी सायकल मारली की सोमवारी ती टेकली आहे का अधांतरी आहे, तेच कळत नाही."

बधिरपणा दुसऱ्या दिवसापर्यंत टिकतो म्हटल्यावर मी पाना खाली ठेवला आणि डॉक्टरांना दाखवलं का ते विचारलं. दाखवलं होतं. नस मनगटाशी दाबली जातेय, दाब काढा, असा सल्ला मिळाला होता. मग बोटं फाकवून दाखवायला सांगितली, अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत कागद धरायला लावून तो ओढून पाहिला. चिमटीत जोर होता. या नसेची एक शाखा फक्त स्नायूंना जाते, त्यामुळे मुंग्या अजिबात न येताही पकड ढिली पडलेली असू शकते. तसं दिसलं तर मी सायकलला हात लावत नाही, माणसाला परत डॉक्टरांकडे पाठवते.

नंतर ग्रिप. लोक टायरची झीज बघतात, ग्रिपची कुणी बघत नाही. काकांच्या ग्रिपवरची नक्षी आतल्या बाजूला नवीकोरी होती आणि बाहेरच्या कडेला गुळगुळीत झालेली. उजवी तर इतकी झिजलेली की टोकाशी रबर चकाकत होतं. खात्री करायला त्यांच्या हातमोज्यांना खडूची पूड लावली, ग्रिप स्वच्छ पुसून घेतल्या आणि सायकल ट्रेनरवर, म्हणजे जागेवरच पेडल मारायच्या स्टँडवर, चढवून थोडा वेळ चालवायला लावली. पांढरा ठसा बाहेरच्या टोकालाच उमटला, तळव्याच्या करंगळीकडच्या कडेचा. सगळा भार त्या एका चिंचोळ्या पट्टीवर पडत होता. ती पट्टी कार्बनची असो, ॲल्युमिनियमची असो, नाहीतर रेशमाची, नसेला काय फरक पडणार?

भार इतका का, याचं एक कारण हँडलबारपासून लांब होतं. सीटचं नाक चार अंश खाली झुकलेलं. बसलं की माणूस पुढे घसरतो, आणि स्वतःला मागे ढकलून धरायला हातच उरतात. कधीतरी मांडीला रुततंय म्हणून त्यांनीच ते वाकवलं होतं. सीट जवळजवळ सपाट केली, किंचित पुढे घेतली. ठसा फिका झाला, पण जागेवरून हलला नाही.

म्हणजे आता कोन बघायचा. यासाठी माझ्याकडे फुटभर लांबीचे दोन गोल दांडे आहेत. डोळे मिटायचे, दोन्ही मुठींत एकेक दांडा सैलसर धरायचा आणि हँडल धरल्यासारखे हात पुढे करायचे. कुणीही करून बघा, दांडे एका सरळ रेषेत येत नाहीत. त्यांची बाहेरची टोकं आपल्याकडे वळलेली असतात, कारण मनगट सरळ ठेवून मूठ मिटली की दांडा तळव्यात तिरपाच बसतो. हँडलबारची टोकं मागे वळवलेली असतात ती याच हिशोबाने. या वळणाला बॅकस्वीप म्हणतात. बाजारातल्या बहुतेक माउंटन बाइकच्या बारना ते 5 ते 9 अंश असतं. 12 किंवा 16 अंशांचे बारही मिळतात, आणि 'जोन्स'सारखा बार थेट 45 अंशांवर जातो. तुमचं मनगट 15 मागतंय आणि बार 7 देतोय, तर उरलेले अंश मनगटाला मुरडून भरावे लागतात. ते मुरडलं की करंगळीकडची कड ग्रिपवर चढते.

काकांचा डावा दांडा 12 अंशांच्या आसपास स्थिरावला, उजवा 20 च्याही पुढे गेला. इतका फरक मी क्वचितच पाहिला होता. पुन्हा करून घेतलं, तेच.

"उजवं मनगट कधी मोडलं होतं का?"

काका हसले. "शाळेत असताना. पण ते बरं झालं की!"

बरं झालं होतं, दुखतही नव्हतं. पण दोन्ही तळवे समोरासमोर धरून मनगटं अंगठ्याच्या दिशेने वाकवायला लावली तेव्हा उजवा हात निम्म्यावर अडला. सरळ बार ते मनगट नेमकं त्याच दिशेला वाकवू पाहतो. हाडाने ते जमेना, म्हणून काका बिचारे कोपर बाहेर काढून आणि खांदा उचलून ते साधत होते. यादीतल्या जाड ग्रिपचा उलगडाही इथेच झाला. त्यांनी स्वतःच्या व्हर्नियरने मोजली, 34 मिलिमीटर. हात लहान, मूठ पुरती मिटत नाही, मग बोटांनी जास्त आवळायचं आणि तळवा आणखी दाबायचा.

आता रुंदी. नव्वदच्या दशकात माउंटन बाइकचे बार 560-580 मिलिमीटरचे असायचे, आज 780 आणि 800 चे येतात. रुंद बारने चाक काबूत राहतं, आखूड स्टेमशी, म्हणजे बारला सायकलशी जोडणाऱ्या दांड्याशी, त्याची जोडी जमते, हे खरंच आहे. पण ते इतके रुंद विकतात त्याचं एक कारण असंही आहे की कापून कमी करता येतं, जोडून वाढवता येत नाही. अरुंद खांद्यांचा माणूस 800 चा बार तसाच वापरतो तेव्हा हात फाकतात, बाहूही पुढे नेताना बाहेरच्या दिशेने जातात आणि मनगटाचं मुरडणं आणखी वाढतं.

करवत लगेच काढायची नसते. उघड्या टोकाच्या लॉक-ऑन, म्हणजे स्क्रूने आवळायच्या ग्रिप लावल्या आणि ग्रिप, ब्रेक लिव्हर, शिफ्टर सगळं आत सरकवलं. यालाही मर्यादा आहे. बार मध्याकडे जाडावत जातो, लिव्हरचा क्लॅम्प फक्त 22.2 मिलिमीटरच्या सरळ भागावरच बसतो. बाहेर आलेली टोकं कुठेतरी अडकतील, म्हणून हा प्रयोग फक्त मोकळ्या सपाटीवर. 760 ला काकांचे खांदे खाली आले. 740 ला कोपरं आपोआप सैल झाली. आणखी आत घेतल्यावर मात्र ते म्हणाले, "आता पुढचं चाक चंचल वाटतंय." 740 ठरलं.

कोनाबद्दल काकांचा एक चांगला प्रश्न होता. हाच बार स्टेममध्ये थोडा मागे फिरवला तर बॅकस्वीप वाढणार नाही का? पुष्कळ जण तसं करतात. काका घड्याळवाले, त्यामुळे त्यांना आकड्यांतच सांगितलं. त्यांच्या बारला 7 अंश बॅकस्वीप होतं आणि 5 अंश अपस्वीप, म्हणजे टोकांची वरची चढण. बार मागे फिरवला की चढणीतला भाग मागे वळतो खरा, पण त्याच वेळी टोकं खाली झुकतात. अपस्वीप पार शून्यावर आणलं तरी मागचा कोन साडेआठच्या आसपासच थांबतो. त्यांनी माझ्याकडून पेन घेतलं, काटकोन त्रिकोण काढला, आकडा पडताळला आणि मान हलवली. मला असे गिऱ्हाईक फार आवडतात.

कार्बन बारचा मोह सुटणं जास्त कठीण गेलं. कार्बन बारीक थरथर शोषतो, ही गोष्ट खोटी नाही. पण तो किती लवचिक असेल हे थर कसे रचलेत त्यावर ठरतं, आणि 35 क्लॅम्पचे बरेच बार 31.8 पेक्षा ताठ निघतात. त्यांचा तसाच होता. शिवाय त्यांचा त्रास थरथरीचा नव्हताच, तो तर गुळगुळीत ट्रेनरवरही ठसा उमटवत होता.

नवा बार घेतला तो साधा ॲल्युमिनियमचा, 16 अंशांचा, 31.8 चा, उंची जुन्याइतकीच, 30 मिलिमीटर. क्लॅम्प बदलला म्हणजे स्टेमही बदलायचा, आणि ते बरंच झालं. टोकं जास्त मागे वळली की हातही तेवढे जवळ येतात. या दोन बारमध्ये पंजा साधारण तीन सेंटीमीटर मागे येत होता. जुना आखूड स्टेम ठेवला असता तर काका आखडून बसले असते आणि चढावर पुढचं चाक हलकं झालं असतं. म्हणून स्टेम 40 चा 60 केला. फरक पूर्ण भरून काढला नाही, कारण आधीची पोहोच त्यांना थोडी लांबच पडत होती.

ब्रेक लिव्हर इतके खाली वळवलेले होते की उतारावर उभं राहिल्यावर बोटं पोचायला मनगट आत दुमडावं लागे. ते उचलले, बाहूच्या रेषेत आणले, आणि तर्जनी लिव्हरच्या टोकाच्या खोबणीत पडेल इतके आत सरकवले. एका बोटाने ब्रेक लागला की उरलेली तीन बोटं ग्रिप धरायला मोकळी राहतात.

प्रश्न राहिला उजव्या हाताचा. एका बाजूला 12 आणि दुसऱ्या बाजूला 20 अंशांचा बार कुणी बनवत नाही, आणि वाकडा बार लावून सायकल सरळ जाणारही नाही. तिथे पंखवाल्या ग्रिप कामी आल्या, ज्यांच्या बाहेरच्या बाजूला तळवा टेकायला सपाट पान असतं. डावं पान बाहूच्या रेषेत ठेवलं, उजवं किंचित खाली वळवलं, कारण उजवं मनगट थोडं खाली उतरलेलंच राहत होतं. खडू पुन्हा लावला. ठसा आता रुंद आला, तळव्याच्या मध्यापर्यंत पसरलेला, उजवीकडे थोडा लहान.

बार कापताना काकांनी मला बाजूला केलं. बार 780 चा होता, दोन्ही बाजूंनी 20-20 काढायचे. त्यांनी खुणा व्हर्नियरने केल्या आणि करवतीच्या पात्याची जाडी कुठल्या बाजूला धरायची यावर माझ्याशी वाद घातला. पातं खुणेच्या बाहेर राहिलं, काठ कानशीने घासून गुळगुळीत केले, स्टेमचे बोल्ट तिरपे-तिरपे आवळत 5 न्यूटन-मीटरला आणले. सुरुवातीला वळणं विचित्र वाटतील, महिनाभर काही बदलू नका, असं बजावलं. महिना संपायच्या आत ते आलेच.

करंगळी जागेवर होती. डाव्या हाताची तक्रार संपली होती. उजव्या हाताला लांबच्या फेरीत शेवटी हलक्या मुंग्या येत, पण पाणी प्यायला थांबेपर्यंत जात. सोमवारी टेबलावर करंगळी टेकलेली कळत होती.

नवी तक्रार होती ती दगडगोट्यांच्या लांब उतारानंतर दोन्ही बाहू पोटरीसारखे भरून येण्याची. हात आता नीट टेकत असल्यामुळे ते त्यांना पहिल्यांदाच जाणवलं असणार. मी फोर्क, म्हणजे पुढच्या चाकाचा स्प्रिंगवाला चिमटा, दाबून सोडला. रिबाउंड, म्हणजे दबल्यावर त्याचं परत वर येणं, इतका मंद होता की एका दगडातून वर यायच्या आधी पुढचा दगड येई आणि फोर्क खालीच अडकून राही. रिबाउंडचं बटण तीन टिचक्या मोकळं केलं, पुढच्या टायरची हवा थोडी उतरवली. काकांनी खिशातून यादी काढली आणि नवीन ओळ लिहिली. समोरचा रकाना कोराच ठेवला.