दोन पट्टे बदलूनही

चवथीच्या आधीच्या आठवड्यात आमच्या डिचोलीच्या गॅरेजात जेवायलाही फुरसत नसते. चाकरमानी गावी यायला लागलेले असतात आणि टॅक्सीवाल्याला एक दिवस गाडी उभी ठेवणं परवडत नाही. त्या दिवशी साखळीचे काका आले. वळणावर गाडी दिसायच्या आधी तिचा आवाज आला. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की कुईंऽऽ, सोडला की बंद.

"मास्तर, दोन पट्टे घातले. एक जुलैत, दुसरा गेल्या आठवड्यात. चार दिवस गप्प बसते, मग परत तेच. उद्या पहाटे बहिणीला बेळगावला हॉस्पिटलात न्यायचंय."

काका आमचं जुनं गिऱ्हाईक. पावसाळ्यात त्यांची भाडी पणजीकडची होती, म्हणून पट्टे तिकडेच एका गॅरेजात बदलून घेतले होते. बेळगाव म्हणजे चोर्ला घाट. हा पट्टा गाडीची वीज बनवणारा अल्टरनेटर फिरवतो. या डिझेल इंजिनात पाण्याचा पंपही त्याच पट्ट्यावर फिरतो. घाटात पट्टा तुटला तर नुसती बॅटरी उतरत नाही, इंजिनही तापतं. आजारी माणूस मागच्या सीटवर आणि बाहेर पाऊस. हे डोळ्यांसमोर आलं आणि हातातलं काम ठेवलं.

आधी विचारलं, "कधी जास्त ओरडते?" काका म्हणाले, "रात्री. एसी, लाइट, वायपर सगळं चालू असलं की." हे उत्तर फार कामाचं. विजेचा भार वाढला की अल्टरनेटर जड फिरतो, आणि जड पुली ओढताना पट्टा घसरतो. तरी नुसत्या अंदाजावर जाऊ नये. सायलेन्सरचा जॉइंट किंवा टर्बोचा पाइप फुटला तरी रेस केल्यावर शिट्टी येते. म्हणून पट्टा काढून इंजिन काही सेकंद चालवलं. पंप बंद असतो, जास्त वेळ चालवायचं नाही. आवाज गेला. म्हणजे दोष पट्ट्याच्याच बाजूला.

पट्टा परत चढवला आणि चालू इंजिनात त्याच्या खाचांवर थोडं पाणी मारलं. पुल्या एका रेषेत नसतील तर पाण्याने आवाज क्षणभर दबतो आणि परत येतो. पट्टा सैल असेल तर उलट वाढतो. इथे वाढला. नवा पट्टा सैल का? पट्टा ताणून धरणाऱ्या टेन्शनरकडे बघितलं तर त्याचा हात थरथर उड्या मारत होता. तो जागेवर जवळजवळ स्थिर राहायला हवा.

पट्ट्याला चिकट स्प्रेही मारलेला होता. त्या स्प्रेचा मला मनापासून राग आहे. तो आवाज चार दिवस झाकतो आणि रस्त्यावरची सगळी धूळ खाचांत धरून ठेवतो. आमच्या भागातली लाल माती तर सोडतच नाही.

टेन्शनर बदलला असता तर गाडी त्या दिवशी गप्प झाली असती. काका खूश होऊन गेले असते. पण टेन्शनर एवढा उडतो कशाने, हा प्रश्न सुटत नव्हता. चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्यात दोनदा स्फोट होतो. प्रत्येक स्फोटाला क्रँक, म्हणजे पट्टा ओढणारा इंजिनाचा मुख्य दांडा, जरा पुढे धावतो, मग जरा मंदावतो. अल्टरनेटर इंजिनाच्या दुप्पट-तिप्पट वेगाने फिरतो आणि त्याचा आतला फिरणारा भाग, रोटर, जड, त्याला असं पटकन मंदावता येत नाही. म्हणून या गाड्यांच्या अल्टरनेटरला आत एकाच दिशेने पकडणारा क्लच असलेली पुली देतात. पुली मंदावली तरी रोटर आपल्या वेगात फिरत राहतो. क्लच जाम झाला की प्रत्येक धक्का पट्ट्यावर बसतो आणि टेन्शनर मार खातो.

पट्टा काढून पुली हाताने फिरवली. इंजिन फिरवतं त्या दिशेने फिरवली की रोटर सोबत यायला हवा, तो आला. उलट फिरवली की पुली एकटी फिरायला हवी. तेव्हाही रोटर सोबतच आला. क्लच जाम.

टॉर्च घेऊन पुलीच्या तोंडावर उजेड टाकला आणि माझे हात थांबले. आतल्या स्प्लाइनवर, म्हणजे खाचांच्या दात्यांवर, तांबूस चिखल होता. प्लॅस्टिकचं झाकण नव्हतं.

वही काढली. एप्रिल महिना, हीच गाडी, अल्टरनेटर बेअरिंग. अक्षर माझं. बेअरिंग बदलायला पुली उतरवावी लागते, आणि पुली उतरवायला आधी ते झाकण उचकटावं लागतं. ते बहुधा तुटतं, नवं लावायचं असतं. मी लावलं नव्हतं. या गाडीत अल्टरनेटर खालच्या बाजूला आहे. साखळीच्या बाजारात पाणी साचलं की चाकांखालचं पाणी थेट तिथे उडतं. सबंध पावसाळाभर ते त्या उघड्या तोंडातून आत जात होतं.

काकांना बोलावून दाखवलं. "काका, पणजीवाल्यांनी पट्टे घातले, पण बिघाड माझ्या हातून झालाय." ते बराच वेळ पुलीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पहाटेपर्यंत होईल ना?"

पोराला मोटरसायकलवर म्हापशाला पाठवलं. पुली, टेन्शनर, पट्टा तिन्ही नवे आणले, खर्च माझा. जुना पट्टा स्प्रेने आधीच खराब झाला होता, तो ठेवण्यात अर्थ नव्हता. बाकीच्या पुल्यांच्या खाचा ब्रशने घासून कोरड्या केल्या. संध्याकाळी सगळं बसवलं आणि शेवटी झाकण अंगठ्याने दाबलं. टक् असा आवाज आला. पोरालाही तो ऐकवला.

एसी, लाइट, वायपर सगळं चालू करून काकांसोबत साखळीपर्यंत गेलो. चढावर मुद्दाम गाडी जोरात रेटली. फक्त पावसाचा आवाज होता.

परत आल्यावर वही पुन्हा उघडली. पावसाच्या तोंडावर मी आणखी तीन गाड्यांचे अल्टरनेटर उघडले होते. रात्री नऊ वाजता पहिल्याला फोन लावला.